अळणी उंदराची साक्ष

पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत मूत्रपिंडाचा पातळ काप ट्रायक्रोम या रंगपद्धतीने रंगवतात. या रंगात पेशी तांबूस दिसतात, आणि जखम भरताना मागे राहिलेले तंतू, म्हणजे साध्या भाषेत वण, निळे दिसतात. निरोगी उंदराच्या मूत्रपिंडाचा काप जवळजवळ सगळा तांबूस असतो. निळाई असते ती रक्तवाहिन्यांच्या कडेकडेने, रांगोळीच्या रेघेएवढी. सायक्लोस्पोरिन नावाचे औषध चार आठवडे टोचलेल्या उंदराचा काप मात्र जुन्या सतरंजीसारखा दिसतो. एक निळा पट्टा, मग थोडा बरा भाग, पुन्हा निळा पट्टा.

विषाने मूत्रपिंड बिघडले तर ते सगळीकडे सारखेच बिघडायला हवे, असे आपल्याला वाटते. मग हे पट्टे कशाचे? आणखी एक गोष्ट विचित्र आहे. हे पट्टे हवे असतील तर उंदराचे मीठ तोडावे लागते. नेहमीचे खाद्य खाणाऱ्या उंदराला तेच औषध, त्याच मात्रेत, तितकेच दिवस टोचले तर काप पुष्कळसा तांबूसच राहतो. हे मिठाचे कोडे उलगडायला बरीच वर्षे गेली. तोवर औषध माणसांच्या पोटात जाऊ लागले होते.

गोष्ट सुरू होते नॉर्वेतल्या हार्डांगरविड्डा या ओसाड पठारावर. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरातल्या सँडोझ या औषध कंपनीत एक पद्धत होती. कर्मचारी सुटीवर कुठेही गेले की तिथली चिमूटभर माती पिशवीत भरून आणायचे. मातीतल्या बुरशीतून नवे प्रतिजैविक सापडेल ही आशा. १९६९ साली या पठारावरून आलेल्या मातीत एक बुरशी मिळाली. तिच्यातल्या रसायनाने जिवाणू काही मरेनात, बुरशीवरही परिणाम बेताचाच. एरवी हा नमुना फडताळात गेला असता. पण कंपनीत अशा नापास रसायनांना इतर चाचण्यांतून फिरवायची शिस्त होती. जानेवारी १९७२ मध्ये हार्टमान श्टेहेलिन आणि जाँ-फ्रांस्वा बोरेल यांच्या विभागात उंदरांवरच्या चाचणीत दिसले की, हे रसायन दिलेल्या उंदरांची प्रतिकारशक्ती थंडावते, पण इतर पेशींची वाढ थांबत नाही. तोपर्यंतची औषधे वाढणाऱ्या पेशी सरसकट कापून काढत. तणाबरोबर पीकही जाई. हे औषध मात्र प्रतिकारशक्तीच्या नेमक्या टी-पेशींना गप्प करत होते.

ते रसायन म्हणजे सायक्लोस्पोरिन. अकरा अमिनो आम्लांचे कडे, पाण्यात न विरघळणारे, तेलात विरघळणारे. हा शेवटचा गुण लक्षात ठेवा. केंब्रिजमध्ये रॉय काल्न या शल्यविशारदाच्या प्रयोगशाळेत अल्किस कोस्ताकिस नावाचा ग्रीक संशोधक उंदरांत हृदयरोपण करत होता. त्याने ही पूड ऑलिव्ह तेलात विरघळवली आणि रोपण केलेली उंदरांची हृदये धडधडत राहिली. मग कुत्र्यांत मूत्रपिंडे बसवली, डुकरांत हृदये बसवली. परके अवयव टिकले. जनावरांची स्वतःची मूत्रपिंडे बिघडल्याचे ठळक चिन्ह दिसले नाही. हिरवा कंदील मिळाला, असेच कोणालाही वाटले असते.

१९७८ साली काल्न यांनी मृत दात्यांची मूत्रपिंडे बसवलेल्या सात रुग्णांवरचा अनुभव 'लान्सेट'मध्ये छापला. शरीर नवा अवयव झिडकारत नव्हते, ही आनंदाची बातमी. पण त्याच लेखात औषध मूत्रपिंडाला आणि यकृताला अपाय करते, हेही स्पष्ट लिहिले होते. मात्रा होती वजनाच्या दर किलोला रोज २५ मिलिग्रॅम. आज रोपण जुने झालेल्या रुग्णाला साधारण ३ ते ५ मिलिग्रॅम देतात, त्यावरून ती किती जबर होती हे कळेल. पण मात्रा जास्त होती एवढे म्हणून भागत नाही. कुत्र्यांनी पचवले ते माणसाला का पचले नाही, हा प्रश्न उरतोच.

त्या काळच्या डॉक्टरांची पंचाईत आज नीट ध्यानात येत नाही. नवे मूत्रपिंड बसवलेल्या माणसाच्या रक्तात क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने गाळून टाकायचा टाकाऊ पदार्थ, वाढू लागले, तर दोन शक्यता. एक, शरीर अवयव झिडकारते आहे, म्हणजे औषध कमी पडते आहे. दुसरी, औषधच मूत्रपिंडाला खाते आहे, म्हणजे औषध जास्त होते आहे. पहिल्यात मात्रा वाढवायची, दुसऱ्यात कमी करायची. उपाय एकमेकांच्या अगदी उलट आणि लक्षण एकच. चुकलात तर अवयव गेला.

या गुंत्यातून वाट काढली ती हृदयरोपणाच्या रुग्णांनी. त्यांचे हृदय परके, पण मूत्रपिंडे स्वतःची. ती झिडकारली जाण्याचा प्रश्नच नाही. त्यांची मूत्रपिंडे बिघडली तर आरोप ठेवायला औषधाशिवाय फारसे कोणी नाही. १९८४ साली स्टॅनफर्डच्या ब्रायन मायर्स आणि सहकाऱ्यांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये लिहिले की, वर्षभराहून अधिक काळ सायक्लोस्पोरिन घेणाऱ्या हृदयरुग्णांत मूत्रपिंडाच्या गाळण्याचा वेग जुन्या औषधावरच्या रुग्णांच्या मानाने जवळपास निम्म्यावर आला होता. त्यांच्या बायोप्सीत वण होते. अमेरिकेत हे औषध विक्रीला परवाना मिळून तेव्हा वर्षही झाले नव्हते.

आता उंदराकडे पुन्हा जाणे भाग होते. माणसात काय होते ते दिसत होते. कसे होते, हे माणसात तपासता येत नाही. दर आठवड्याला कोणाच्या मूत्रपिंडाचा तुकडा काढणार?

(इथे शब्दांची एक अडचण सांगायला हवी. प्रयोगशाळेत दोन प्राणी असतात. एक पाव-अर्धा किलो भरणारा मोठा, दुसरा मुठीत मावणारा छोटा. इंग्रजीत त्यांना वेगळी नावे आहेत, मराठीत दोघेही उंदीर. बोरेल यांच्या पहिल्या चाचण्या छोट्या उंदरांवर झाल्या. पुढची सगळी कथा मोठ्यांची आहे. छोटे उंदीर या औषधाच्या मूत्रपिंडावरच्या परिणामाला फारच चिवट निघाले. गंमत म्हणजे जन्मतः केसहीन असलेल्या छोट्या उंदरांच्या एका जातीला हे औषध दिले, तर त्यांच्या अंगावर केस उगवतात. माणसातही लव वाढणे हा या औषधाचा नेहमीचा उपद्रव आहे.)

मोठे उंदीरही सुरुवातीला दाद देईनात. भरपूर मात्रा दिली की गाळण्याचा वेग उतरायचा. पण इंजेक्शने थांबवली की काही दिवसांत मूत्रपिंड पूर्ववत. माणसात दिसणारे ते पट्टेरी, कायमचे वण काही उमटत नव्हते. मात्रा आणखी वाढवली तर उंदीर वण उमटण्याआधीच खंगून जायचे. अनेक गटांनी अनेक वर्षे या भिंतीवर डोके आपटले.

भिंतीतली फट सापडली ती उंदराच्या खाद्यात. प्रयोगशाळेतल्या उंदराच्या गोळीखाद्यात मीठ पुरेसे असते. एकदा का खाद्यात सोडियम जेमतेम ०.०५ टक्के ठेवले, म्हणजे उंदराला जवळजवळ अळणी जेवू घातले, की चित्र पालटते. १९९० च्या आसपास जेरुसलेममधल्या माइर ब्रेझिस, बॉस्टनमधल्या सेमूर रोझेन आणि सहकाऱ्यांनी, आणि त्यानंतर अमेरिकेत ओरेगनमधल्या विल्यम बेनेट यांच्या गटाने हा प्रयोगाचा साचा पक्का केला. पुढे जगभर तोच वापरला गेला. आठवडाभर अळणी खाद्य. मग वजनाच्या दर किलोला १५ मिलिग्रॅम सायक्लोस्पोरिन, रोज, कातडीखाली, २८ दिवस. आणि ते विरघळवायचे कशात? पुष्कळ प्रयोगशाळांत आजही ऑलिव्ह तेलात. तुलनेसाठीच्या उंदरांना नुसते तेल टोचतात.

२८ दिवसांनी काप घेतला की सतरंजी तयार.

मीठ तोडल्याने काय होते? शरीरात मीठ कमी पडले की मूत्रपिंडाला वाटते पाणी आटते आहे, दुष्काळ येतो आहे. ते रेनिन नावाचे विकर सोडते. रेनिनमुळे अँजिओटेन्सिन तयार होते आणि ते रक्तवाहिन्या आवळते. मीठ आणि पाणी धरून ठेवण्याची ही जुनी सोय. सायक्लोस्पोरिनही स्वतंत्रपणे रेनिन वाढवते. दोन्ही एकत्र आले की आवळणे हाताबाहेर जाते. आणि आता थोडा माणसाचा विचार करा. रोपणाच्या रुग्णांचे रक्तदाबामुळे मीठ तोडलेले असते. सूज उतरावी म्हणून त्यांना लघवी वाढवणारी गोळी चालू असते, तीही मीठ बाहेर काढते. हृदय किंवा यकृत थकलेल्या माणसात रेनिन आधीच चढलेले असते. म्हणजे दवाखान्यातला रुग्ण हा बऱ्याचदा अळणी उंदीर असतो, आणि आपण इतकी वर्षे खाऊनपिऊन सुखी असलेल्या उंदराला विचारत बसलो होतो. मला या सगळ्या कथेत हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. जनावराने खोटी साक्ष दिली नव्हती. त्याला प्रश्नच चुकीच्या परिस्थितीत विचारला होता.

आता पट्ट्यांकडे. त्यासाठी मूत्रपिंडात थोडे उतरायला हवे.

माणसाच्या प्रत्येक मूत्रपिंडात सरासरी दहा लाख नेफ्रॉन असतात, मोठ्या उंदराच्या सुमारे तीस हजार. नेफ्रॉन म्हणजे एक गाळणी आणि तिला जोडलेली लांबलचक नळी. गाळणीत रक्त आणणारी बारीक धमनिका एक, आणि बाहेर नेणारी दुसरी. गाळलेले पाणी नळीतून जाताना नळीच्या भिंतीतल्या पेशी त्यातले मीठ, साखर, पाणी परत ओढून घेतात. माणसात दिवसाला सुमारे १८० लिटर गाळले जाते आणि लघवी होते दीड-दोन लिटर. बाकीचे सगळे परत खेचावे लागते, आणि हे काम फुकट होत नाही. त्याला ऊर्जा लागते, ऊर्जेला प्राणवायू लागतो.

मूत्रपिंडाला रक्त भरपूर मिळते. हृदयातून निघालेल्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा. पण वाटप विषम आहे. बाहेरच्या सालीला भरपूर, आतल्या गाभ्याला थोडे. सालीत प्राणवायूचा दाब पाऱ्याच्या पन्नासेक मिलिमीटर असतो, गाभ्यात दहा ते वीस. ज्या शेतकऱ्याची जमीन कालव्याच्या टेलला आहे त्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. आवर्तन सुटते, वरच्या अंगाच्या विहिरी भरतात, आणि टेलला पाणी पोहोचते ते चिखलाएवढे. तेही वरून पूर्ण दाबाने सुटले तर. गाभ्यातल्या पेशी रोजच अशा टेलच्या पाण्यावर काम करतात. त्यातच गाभ्याच्या काही पट्ट्या सूर्याच्या किरणांसारख्या सालीत वरपर्यंत घुसलेल्या असतात. त्यांनाही पाणी टेलचेच.

सायक्लोस्पोरिन मुख्य दरवाजाच आवळते. गाळणीत रक्त आणणारी धमनिका आकसते. जिवंत उंदराच्या मूत्रपिंडात सूक्ष्म नळ्या घालून दाब मोजले तेव्हा हे स्पष्ट दिसले. रक्तवाहिनीचे अस्तर सतत दोन प्रकारची रसायने सोडत असते. एन्डोथेलिन आणि थ्रॉम्बॉक्सेन आवळतात, नायट्रिक ऑक्साइड सैल सोडते. औषधाने आवळणाऱ्यांचे पारडे जड होते. वर मघाचे अँजिओटेन्सिन आहेच. पाणी वरच कमी सुटले की पहिले पीक कोणाचे जळणार? टेलचे. काप रंगवला की तिथेच निळे पट्टे दिसतात, गाभ्याच्या त्या किरणांच्या रेघेवर. सतरंजीचे कोडे इथे सुटते.

पण प्राणवायूची तूट हा अर्धाच भाग. औषध पेशींच्या आतही हात घालते, आणि त्याच्या खुणा पट्टे उमटण्याच्या बऱ्याच आधी दिसतात. नळीच्या सुरुवातीच्या भागातल्या, विशेषतः त्याच्या सरळ तुकड्यातल्या पेशींत एकसारख्या आकाराचे बारीक बुडबुडे भरतात. साबुदाणा भिजून फुगावा तशी पेशी दिसते. हे बुडबुडे म्हणजे मुख्यतः पेशीत प्रथिने जिथे तयार होतात त्या जाळ्याचे फुगलेले कप्पे. त्याचे एक कारण असे. सायक्लोस्पोरिन पेशीत शिरले की सायक्लोफिलिन नावाच्या प्रथिनाला चिकटते. सायक्लोफिलिनचे रोजचे काम नव्या प्रथिनांना घड्या घालायला मदत करण्याचे. लुगड्याच्या निऱ्या नीट बसल्या नाहीत तर पुढचे पाऊल टाकता येत नाही, तसेच नीट घडी न बसलेले प्रथिन निरुपयोगी असते. अशी प्रथिने साचू लागली की पेशी आधी सावरायचा प्रयत्न करते, घडी घालणारे जादा मदतनीस बनवते. ताण टिकला तर तीच यंत्रणा पेशीला आत्मनाशाचा हुकूम देते. शिवाय पेशीत घातक ऑक्सिजन-रेणू वाढतात आणि पटलांमधली चरबी खवट तेलासारखी बिघडते.

आत्मनाश हा शब्द मी नाटकीपणासाठी वापरलेला नाही. पेशी दोन तऱ्हांनी मरतात. एक फुटून, आजूबाजूला घाण सांडून. दुसरी आवरून, स्वतःचे नीट तुकडे करून, शेजाऱ्याला कळणारही नाही अशी. या दुसऱ्या प्रकाराला अपॉप्टोसिस म्हणतात. अळणी उंदरांत नळीच्या आणि आसपासच्या पेशी या मार्गाने मोठ्या संख्येने जातात, आणि ज्या मूत्रपिंडात असे मृत्यू जास्त तिथे वणही जास्त, हे १९९८ साली बेनेट आणि रिचर्ड जॉन्सन यांच्या गटांनी दाखवले. नायट्रिक ऑक्साइड तयार करायला लागणारे एल-आर्जिनिन दिले की मृत्यू कमी होतात, ते तयार होणे अडवले की वाढतात.

दुखावलेल्या नळीच्या पेशी ऑस्टिओपॉन्टिन नावाचे प्रथिन सोडतात, ते साफसफाई करणाऱ्या मॅक्रोफेज पेशींना बोलावते. हे पहिल्या एक-दोन आठवड्यांतच सुरू होते. वण दिसायला अजून वेळ असतो. पाठोपाठ टीजीएफ-बीटा नावाचा संदेशवाहक वाढतो. जखम झाली की तंतू विणा, असा त्याचा आदेश. कातडी कापली असता हा आदेश आपल्याला वाचवतो. मूत्रपिंडात तंतू विणले गेले की नळीच्या शेजारच्या केशवाहिन्या दाबल्या जातात, प्राणवायू आणखी घटतो, आणखी पेशी मरतात, आणखी तंतू. धमनिकेच्या भिंतीतही काचेसारखा चिकट थर साचतो. औषध थांबवले तर आवळलेली धमनिका सैल होते, गाळण्याचा वेग पुष्कळसा सुधारतो. वण मात्र राहतो.

हे सगळे वाचून कोणीही विचारील की रसायनशास्त्रज्ञांनी औषधातला चांगला भाग ठेवून वाईट भाग काढून का टाकला नाही. त्याचे उत्तर १९९१ साली मिळाले, आणि ते निराश करणारे होते. हार्वर्डमध्ये स्टुअर्ट श्रायबर आणि जुन लिऊ यांनी दाखवले की, सायक्लोस्पोरिन आणि सायक्लोफिलिन जोडीने कॅल्सिन्यूरिन नावाच्या विकराला कुलूप लावतात. टी-पेशीला शत्रू दिसला की कॅल्सिन्यूरिन एका प्रथिनाला केंद्रकात जायची परवानगी देते, आणि तिथे लढाईचा नगारा वाजवणारे इंटरल्यूकिन-२ तयार होऊ लागते. परवानगी नाही, तर नगारा नाही. रोपण टिकते ते यामुळे. पण कॅल्सिन्यूरिन फक्त टी-पेशींची मालमत्ता नाही. ते मेंदूत आहे, म्हणून रुग्णांचे हात थरथरतात. ते मूत्रपिंडात आहे, रक्तवाहिनीच्या भिंतीत आहे. जे कुलूप हवे तिथे लागते तेच नको तिथेही लागते.

याला बळकटी मिळाली दुसऱ्या दोन औषधांमुळे. टॅक्रोलिमस हे १९८४ साली जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतून सापडले. त्याची रचना सायक्लोस्पोरिनपेक्षा अगदी वेगळी, पेशीतला जोडीदारही वेगळा. पण शेवटी कुलूप लागते कॅल्सिन्यूरिनलाच, आणि मूत्रपिंडाला होणारा अपायही तोच. उलट रॅपामायसिनची रचना टॅक्रोलिमसशी मिळतीजुळती, जोडीदारही तोच, पण ते कॅल्सिन्यूरिनला हात लावत नाही. एकटे दिले असता ते गाळणीचा दरवाजा तसा आवळत नाही. ईस्टर बेटावरच्या मातीतले हे औषध पुढे आणणारे सुरेंद्रनाथ सहगल हे मूळचे फाळणीपूर्व पंजाबातले. कॅनडातल्या कंपनीत त्यांनी त्याचा पाठपुरावा केला. मात्र उंदराला सायक्लोस्पोरिन आणि रॅपामायसिन एकत्र दिले तर मूत्रपिंडाची हानी वाढते. इतकी सोपी सुटका कुठेच नाही.

टॅक्रोलिमसच्या जन्मकथेत आणखी एक विरोधाभास आहे. केंब्रिजमध्ये काल्न यांच्या गटाने ते कुत्र्यांना दिले तेव्हा कुत्रे आजारी पडले, रक्तवाहिन्यांना दाह झाला. औषध माणसाला द्यायच्या लायकीचे नाही, असा सूर निघाला. पिट्सबर्गच्या थॉमस स्टार्झल यांनी तरीही चिकाटी सोडली नाही आणि १९८९ साली ते रुग्णांना दिले. आज मूत्रपिंडरोपणात जगभर सर्वाधिक भरवसा याच औषधावर आहे. एका औषधात कुत्रा सुखरूप राहिला आणि माणूस पोळला. दुसऱ्यात कुत्रा पोळला आणि माणसाला ते चालले. जनावरावर प्रयोग करणे प्रत्येक वेळी फुकट असते असे काही लोक म्हणतात, आणि जनावरात सिद्ध झाले म्हणजे झाले असे दुसरे काही. दोघांनीही या दोन कुत्र्यांचा विचार करावा.

साचा तयार झाल्यावर त्यात उपाय तपासणे सोपे झाले. बेनेट यांच्या गटाने १९९५ साली अळणी उंदरांना लोसार्टन आणि एनालाप्रिल ही अँजिओटेन्सिनची वाट अडवणारी रक्तदाबाची औषधे दिली. वण लक्षणीय कमी झाले. दाब वेगळ्या मार्गाने उतरवणाऱ्या औषधांनी तसे संरक्षण मिळाले नाही, म्हणजे प्रश्न नुसत्या दाबाचा नव्हता. पण गाळण्याचा वेग काही सुधारला नाही. दरवाजा आवळणे आणि वण पडणे ही दोन दुखणी एकाच औषधाची असली तरी वेगवेगळी आहेत, हे त्यातून कळले. मॅग्नेशियमही उंदरांच्या कामी आले. हे औषध लघवीवाटे मॅग्नेशियम वाया घालवते, ती तूट भरली की वण कमी पडतात.

मग आली वनस्पतीजन्य पदार्थांची लाट, आणि तिच्यात भारतीय प्रयोगशाळा पुढे होत्या. चंदीगडच्या पंजाब विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ साली हळदीतले कर्क्युमिन उंदरांना सायक्लोस्पोरिनबरोबर दिले. तीन आठवड्यांनी त्यांच्या मूत्रपिंडाची स्थिती नुसते औषध दिलेल्या उंदरांपेक्षा चांगली होती, घातक ऑक्सिजन-रेणूंचे नुकसान कमी होते. द्राक्षातल्या रेस्व्हेराट्रॉलवरही त्याच विद्यापीठातून तसेच निष्कर्ष आले. प्रयोग प्रामाणिक आहेत. पण अशा प्रयोगांचा अर्थ लावताना दोन गोष्टी विसरल्या जातात. पहिली, उंदराला संरक्षक पदार्थ विषाच्या बरोबरीनेच मिळतो. रुग्णाकडे आपण पोहोचतो तेव्हा वण पडून वर्षे झालेली असतात. दुसरी, या उंदरांच्या रक्तातली औषधाची पातळी रुग्णात राखतात त्याच्या कितीतरी पट असते. उंदराला वाचवणाऱ्या पदार्थांची यादी गेली तीस वर्षे लांबत चालली आहे. रोपणाच्या रुग्णाला त्या यादीतून फारसे काही मिळालेले नाही. आणखी शंभर पदार्थ याच साच्यात घालून आणखी शंभर निबंध छापण्यात मला तरी फारसे हशील दिसत नाही.

हळदीचा तर उलटा धडाही नोंदला गेला आहे. टॅक्रोलिमस घेणाऱ्या एका रुग्णाने भरमसाट हळद खाल्ली, रक्तातली औषधाची पातळी चढली आणि मूत्रपिंडाला अपाय झाला, असा वृत्तांत २०१७ साली एका वैद्यकीय नियतकालिकात आला. टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन ही दोन्ही औषधे यकृतातले आणि आतड्यातले एक विकर मोडते. ते विकर अडवले की औषध न मोडता साचत जाते. पपनसाचा रस हेच करतो. काही रक्तदाबाची आणि बुरशीवरची औषधेही हेच करतात. आपल्याकडच्या डॉक्टरांनी या दोषाचा उपयोगही करून घेतला. सायक्लोस्पोरिन महाग, रुग्ण गरीब. म्हणून त्याच्या जोडीला डिल्टियाझेम किंवा केटोकोनाझोल देऊन कमी गोळ्यांत तीच पातळी राखायची. मोजून केले तर औषध, न मोजता झाले तर विष.

माणसात शेवटी किती नुकसान होते? सिडनीतल्या वेस्टमीड रुग्णालयात ब्रायन नॅनकिव्हेल आणि सहकाऱ्यांनी १२० रुग्णांच्या ९६१ बायोप्सी क्रमाने पाहिल्या आणि २००३ साली निष्कर्ष छापला. दहा वर्षांनी या औषधांच्या खुणा जवळजवळ प्रत्येक मूत्रपिंडात होत्या. त्याच वर्षी अमेरिकेतल्या ६९,३२१ रुग्णांचा हिशेब आला. या सगळ्यांना हृदय, यकृत, फुप्फुस असे मूत्रपिंडाखेरीज इतर अवयव बसवलेले होते. यकृतरोपण झालेल्यांपैकी १८ टक्क्यांची मूत्रपिंडे पाच वर्षांत निकामी होण्याच्या वाटेवर गेली होती. सगळा दोष एकट्या औषधाचा नाही, पण त्याचा वाटा मोठा. आणि हेही खरे की या औषधांशिवाय त्यांतले बहुतेक लोक ती पाच वर्षे पाहूच शकले नसते.

तुमच्या घरात कोणी सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस घेत असेल तर तीन गोष्टी सांभाळा. रक्तातली पातळी तपासायची असेल त्या सकाळी गोळी आधी घेऊ नका. रक्त देऊन मग घ्या, नाहीतर आकडा चढलेला येतो आणि डॉक्टर चुकीच्या दिशेने मात्रा बदलतात. सांधे दुखतात म्हणून दुकानातून परस्पर वेदनाशामक गोळी आणू नका, कारण तीही गाळणीचा तोच दरवाजा आवळते. आणि जुलाब-उलट्या झाल्या, अंगातले पाणी आणि मीठ गेले, तर तो दिवस घरगुती उपायांत घालवू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.